हेरनाट्य लिहिणाऱ्या खान्देशातील रंगकर्मींना खुले पत्र : आधी कागदाची वाट ठरवा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील लेखक, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार मित्रांनो,

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर परदेशातल्या वकिलातीत अडकलेला तरुण अधिकारी, त्याच्या आयुष्यात आलेली बाई आणि हातातून निसटत जाणारे कागद. या विषयाची ओढ कुणालाही वाटावी. एखाद्या स्पर्धेसाठी चाळीस मिनिटांची एकांकिका लिहायची असो किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रासाठी दोन अंकी नाटक, यात पात्रं कमी लागतात, एकाच खोलीत गोष्ट घडते आणि ताण पहिल्या मिनिटापासून असतो. म्हणूनच एक कळकळीची विनंती आहे. संवाद लिहायला घेण्याआधी कागदाची वाट ठरवा. तो कोणी टाइप केला, कोणाच्या टेबलावर गेला, कोणत्या कपाटात राहतो, किती वाजता बाहेर पडतो आणि किती वाजता परत यायला हवा, हे एका पानावर मांडा. हेरगिरी म्हणजे कागदाचा हा प्रवास. तो पक्का असला की प्रेम नेमकं कुठे शिरतं हे आपोआप दिसतं. तो नसला की लेखकाला पिस्तूल आणि दारूच्या पेल्याचा आधार घ्यावा लागतो.

पहिला प्रश्न नायकाच्या हुद्द्याचा. हेरांना तरुण अधिकारी का हवा असतो? राजदूत का नको? याचं उत्तर कचेरीच्या रीतीत आहे. त्या काळच्या ब्रिटिश परराष्ट्र खात्यात आलेला कागद आधी नोंदणी विभागात जायचा. तिथे त्याला क्रमांक आणि फाइलचं कव्हर मिळायचं, मग तो सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्याकडे यायचा. कव्हरवरचा पहिला शेरा त्याचा. त्याच्याखाली वरिष्ठ आपापले शेरे लिहीत जायचे आणि कागद पायरीपायरीने वर चढायचा. वर पोचायचं ते महत्त्वाचं तेवढंच, खालच्या माणसाच्या नजरेखालून मात्र सगळं जायचं. छोट्या वकिलातीत सांकेतिक तारा उलगडण्याचं कामही पुष्कळदा याच तरुण सचिवांवर पडायचं. म्हणून नायकाला तिसरा सचिव करा. राजदूत पत्नीसह मेजवान्यांना जातो, तिसरा सचिव रात्री उशिरापर्यंत तारा उलगडत बसतो. एकटेपणासाठी वेगळा प्रसंग रचावा लागत नाही, तो नोकरीतूनच येतो.

आता कागद बाहेर कसा जातो ते पाहू, कारण रंगमंचावर सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नायक टेबलावर वाकून हातातल्या कॅमेऱ्याने पटापट फोटो काढतो, हे होणारं काम नव्हे. १९३० च्या दशकातल्या लायका कॅमेऱ्याचं नेहमीचं भिंग साधारण एक मीटरपेक्षा जवळचं स्पष्ट टिपत नाही. कागदावरची टंकलिखित अक्षरं वाचता यावीत इतक्या जवळ जायचं तर जोडभिंग आणि कॅमेरा उभा धरणारा स्टँड लागतो. फिल्म मंद, त्यामुळे झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. कॅमेरा हातात असेल तर अक्षरं हलतात. कागदाच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या कोनात एकेक दिवा हवा. एकच दिवा असेल तर पानाच्या अर्ध्या भागावर सावली पडते आणि दिवा थेट वरून असेल तर गुळगुळीत कागद चमकतो. घडी पडलेलं पान काचेखाली सपाट करावं लागतं आणि मग त्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब सांभाळावं लागतं.

प्रकाशयोजना करणाऱ्या मित्रांनो, हा प्रसंग तुमचाच आहे. काळोख्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन दिवे, मधे पांढरं पान, वर स्टँडवरचा कॅमेरा, आणि प्रत्येक पानाला त्या उजेडात येऊन जाणारे दोन हात. एका रोलमध्ये ३६ चित्रं. पान ठेवणं, सपाट करणं, झडप, फिल्म पुढे सरकवणं, पान उचलणं याला अर्धा मिनिट धरलं तरी ३६ पानांना १८ मिनिटं होतात. साठ पानांची फाइल असेल तर दोन रोल आणि मधे रोल बदलण्याची धडपड. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत १८ मिनिटं देता येणार नाहीत हे उघड आहे. पण तीन पानं पूर्ण वेळेत दाखवा. प्रेक्षकाला त्या कामाची लय कळली की चौथ्या पानाला दारावर पडलेली थाप त्याच्या छातीत वाजेल. पानांचा क्रम चुकू द्यायचा नाही, टाचणी काढलेल्या जागीच परत लावायची, कोपरा दुमडायचा नाही. पकडलं जाण्याची भीती अशा बारीक गोष्टींत असते. आणि धुतली न गेलेली फिल्म उजेडात उघडली की संपली. छापा पडला तर डबी उघडणं हा पुरावा नष्ट करायचा एका सेकंदाचा उपाय आहे, हे लक्षात ठेवलंत तर शेवटच्या प्रसंगाला आणखी एक वाट मिळेल.

कागदात काय असावं याबद्दल. युद्धाचा संपूर्ण आराखडा किंवा नव्या विमानाचं चित्र तिसऱ्या सचिवाच्या हाती सहसा पडत नाही. त्याच्याकडे असतात तारा. महिन्यापूर्वीची, वरवर निरुपयोगी वाटणारी तारसुद्धा शत्रूला सोन्यासारखी असते, मात्र ती शब्दशः हवी. ती तार सांकेतिक आकड्यांत पाठवली गेली तेव्हा शत्रूने ते आकडे टिपून ठेवलेले असतात. मूळ मजकूर जसाच्या तसा मिळाला की आकडे आणि शब्द शेजारी ठेवून संकेत फोडायला सुरुवात करता येते. म्हणूनच सांकेतिक तारेतला मजकूर बाहेर कुणाला द्यायचा झाला तर वाक्यं बदलून द्यावी, असा कडक नियम असे. या एका तपशिलावर अख्खा प्रसंग उभा राहतो. ती त्याला गुपित मागतच नाही. गेल्या महिन्यातली, वर्तमानपत्रांत येऊन गेलेली बातमी मागते, फक्त तुमच्या तारेत होती तशीच. त्याला वाटतं, यात काय मोठंसं? पहिलं पाऊल असंच पडतं.

प्रेमाकडे येऊ. यासाठी डोनाल्ड मॅक्लीनचं प्रकरण मुळातून समजून घ्यावं, असा आमचा आग्रह आहे.

मॅक्लीनचा जन्म १९१३ चा. वडील ब्रिटनचे मंत्री होते. केंब्रिजला शिकताना तो साम्यवादी झाला, १९३४ मध्ये सोव्हिएत गुप्तसेवेच्या गळाला लागला आणि १९३५ मध्ये परराष्ट्र खात्यात रुजू झाला. तोपर्यंत त्याच्या आयुष्यात कुठलीही मोहिनी आलेली नव्हती. त्याला ओढलं ते विचाराने. लंडनमध्ये त्याच्याशी संपर्क ठेवणारे दोन अनुभवी सोव्हिएत अधिकारी १९३७ मध्ये परत बोलावले गेले. त्यातल्या थिओडोर मॅलीला पुढच्या वर्षी स्टालिनच्या शुद्धीकरणात गोळी घालण्यात आली. इकडे मॅक्लीन काही महिने विनासंपर्क राहिला. नाट्यलेखकांनी हे टिपून ठेवावं. संपर्क पोलिसांमुळेच तुटतो असं नाही, पलीकडचा माणूस त्याच्याच सरकारने मारलेला असू शकतो, आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी वाट पाहणाऱ्या तरुणाला ते कधीच कळत नाही.

१९३८ मध्ये त्याच्याकडे नवी संपर्क अधिकारी आली, किटी हॅरिस. जन्म लंडनचा, वाढली कॅनडा आणि अमेरिकेत, अमेरिकन साम्यवादी पक्षाचे नेते अर्ल ब्राउडर यांची पूर्वीची सहचारिणी, वयाने मॅक्लीनपेक्षा जवळपास चौदा वर्षांनी मोठी. तिचं काम ठरलेलं होतं. लंडनमध्ये खोली घ्यायची, तो संध्याकाळी कागद घेऊन येईल, त्यांचे फोटो काढायचे, कागद त्याच्याकडे परत द्यायचे. रात्री पुरुष बाईच्या खोलीवर येतो जातो, याचं कारण शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. म्हणजे प्रियकर-प्रेयसी हा मुळात देखावा होता. तो देखावा खरा झाला.

इथे चूक कशी घडली ते फार महत्त्वाचं आहे. हेराचं सांकेतिक नाव मुख्यालयाच्या तारांसाठी असतं, ते त्याला स्वतःला माहीत असण्याचं कारण नसतं. किटीने मॅक्लीनला ते सांगितलं. पुढे त्याच्याच एका पत्रातून हे मॉस्कोच्या लक्षात आलं आणि दोघांचे संबंध कुठवर गेले आहेत तेही उघड झालं. मॉस्कोने त्यांना वेगळं केलं नाही. नावं बदलली आणि काम पुढे चालू ठेवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये, म्युनिक कराराच्या धामधुमीत, मॅक्लीनची बदली पॅरिसच्या वकिलातीत तिसरा सचिव म्हणून झाली, आणि किटीही पॅरिसला गेली. प्रेमात पडलेली बाई आपल्या माणसाला त्याचं सगळ्यात गुप्त नाव भेट म्हणून देते. हा प्रसंग आमच्या मते कुठल्याही विषप्रयोगापेक्षा आणि गोळीबारापेक्षा मोठा आहे. कुणीतरी तो मराठीत लिहावा.

पॅरिसमध्ये मॅक्लीनला मेलिंडा मार्लिंग ही अमेरिकन तरुणी भेटली. लग्नाआधीच त्याने तिला आपलं दुसरं काम सांगून टाकलं. जर्मन सैन्य पॅरिसच्या वेशीवर असताना, १० जून १९४० ला, दोघांनी लग्न केलं. चार दिवसांनी जर्मन शहरात शिरले. आता या प्रेमाची किंमत बघा. १९४४ मध्ये मॅक्लीन वॉशिंग्टनच्या वकिलातीत होता आणि गरोदर मेलिंडा न्यूयॉर्कला आईकडे राहत होती. तिला भेटायला तो न्यूयॉर्कला जायचा आणि त्या फेऱ्यांत सोव्हिएत हस्तकालाही भेटायचा. हस्तकाने मॉस्कोला कळवलं, की या हेराची बायको गरोदर आहे आणि न्यूयॉर्कमध्ये आईकडे आहे. सोव्हिएत तारा एकदाच वापरायच्या कोष्टकांनी झाकलेल्या असत आणि तशा त्या फुटण्यासारख्या नव्हत्या. पण १९४२ मध्ये युद्धाच्या गडबडीत त्या कोष्टकांची काही पानं दुबार छापली गेली होती. अमेरिकन संकेतभेदकांनी ती फट पकडली. त्या तारांत ‘होमर’ या सांकेतिक नावाने येणारा हेर कोण, हा शोध अनेक नावांवरून फिरत होता. गरोदर बायको आणि न्यूयॉर्कची सासू यांमुळे १९५१ मध्ये तो एका नावावर येऊन थांबला. २५ मे १९५१ ला, आपल्या अडतिसाव्या वाढदिवशी, मॅक्लीन साउदॅम्प्टनहून बोटीने पळाला.

म्हणून आमचं म्हणणं असं, की बाईला आमिषाच्या भूमिकेत कोंडू नका. मॅक्लीनच्या प्रकरणात प्रेमाने त्याला आत ओढलं नाही. प्रेमामुळे शिस्त मोडली, आणि पुढे घरगुती जिव्हाळ्याच्या एका ओळीने त्याचं नाव उघड केलं. किटीची भूमिका करणाऱ्या मुलीला हे कळलं तर ती नजरेचे बाण सोडत बसणार नाही. ती दिवे लावील, पानं मोजील, घड्याळ बघील, आणि मग एका क्षणी नियम मोडील.

दुसऱ्या तऱ्हेची प्रकरणंही आहेत. बर्लिनमध्ये अमेरिकन राजदूत विल्यम डॉड यांची मुलगी मार्था आणि सोव्हिएत वकिलातीतला तरुण अधिकारी बोरिस विनोग्रादोव यांचं प्रेम जमलं. सोव्हिएत गुप्तसेवेने त्या प्रेमाचा वापर केला, तिच्याकडून माहिती घेतली, त्याला दूर हलवलं आणि १९३८ मध्ये त्याला ठार केलं. वॉर्सॉच्या जर्मन वकिलातीतला रुडॉल्फ फॉन शेलिहा १९३७ पासून सोव्हिएत बाजूला माहिती देत होता. त्याची माहिती पुढे पोचवणाऱ्या पत्रकार इल्झे श्टोबे हिला आणि त्याला डिसेंबर १९४२ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी देहदंड झाला. लंडनच्या परराष्ट्र खात्यात तारा सांभाळणारा कॅप्टन जॉन किंग मात्र निव्वळ पैशासाठी विकला गेला. हेन्री पीक या डच चित्रकाराने त्याच्याशी मैत्री वाढवली आणि तुझी माहिती एका बँकेच्या कामाची आहे, असं त्याला पटवलं. १९३९ मध्ये किंगला बंद दाराआड दहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते जगाला १९५६ मध्ये कळलं. ज्या लेखकाला प्रेमकथा नको आहे, त्याच्यासाठी किंग आहे.

काळाच्या चुका थोडक्यात सांगतो. १९३८ च्या टेबलावर बॉलपेन नको, शाईचं पेन हवं. मिनॉक्स हा इवलासा कॅमेरा रिगामध्ये १९३८ लाच तयार होऊ लागला, त्यामुळे १९३६ च्या प्रसंगात तो चालणार नाही. झेरॉक्सची प्रत नाही, कार्बन पेपरची प्रत. सीआयए १९४७ ची, केजीबी हे नाव १९५४ चं. त्या वेळच्या सोव्हिएत संस्थेचं नाव एनकेव्हीडी. राजनैतिक टपालाची बॅग म्हणजे चामडी ब्रीफकेस समजू नका, लाखेचं किंवा शिशाचं सील असलेली पिशवी दाखवा.

खान्देशचा नायक हवा असेल तर आणखी विचार करावा लागेल. भारतीय परराष्ट्र सेवा स्थापन झाली ती ९ ऑक्टोबर १९४६ ला. १९३८ मध्ये पॅरिसच्या भारतीय वकिलातीत अमळनेरचा मुलगा दाखवला तर तशी वकिलातच नव्हती. पण त्या काळाला खान्देशातून जाणारा एक खरा दरवाजा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावलजवळच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंच्या भाषणात स्पेनच्या यादवीचा आणि फॅसिझमचा विषय होता. त्याच महिन्यांत लंडनमध्ये तेवीस वर्षांचा मॅक्लीन ज्या विभागात बसत होता, त्याच्याकडे स्पेनचंच काम होतं. फैजपूरच्या मांडवात ते भाषण ऐकलेला पोरगा पुढे लंडनला शिकायला गेला आणि तिथल्या डाव्या मंडळींत मिसळला, एवढी कल्पना लेखकाने केली तर इतिहास कुठेही मोडत नाही. त्याला वकिलातीत नोकरी देण्याची गरजही उरत नाही. तो खोली भाड्याने देणारा किंवा निरोप पोचवणारा होऊ शकतो.

आणि वकिलातीतलाच नायक हवा असेल तर १९७१ कडे या. ६ एप्रिल १९७१ ला दिल्लीच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले दोन बंगाली अधिकारी, के. एम. शहाबुद्दीन आणि अमजदुल हक, यांनी पाकिस्तानशी नातं तोडून बांगलादेशची बाजू घेतली. तेव्हा बांगलादेशच्या सरकारचा शपथविधीही झालेला नव्हता. १८ एप्रिलला कलकत्त्यात पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी कचेरीसकट तेच केलं. युद्ध पेटलं ३ डिसेंबरला. मधल्या आठ महिन्यांच्या दिल्लीत, परराष्ट्र मंत्रालयातला पारोळ्याचा किंवा शिंदखेड्याचा तरुण अधिकारी आणि निष्ठा बदलण्याच्या उंबरठ्यावरची एक बंगाली अधिकारी कल्पून बघा. घरच्या पत्रांतली अहिराणी तिथे सहज येईल. ती सांकेतिक भाषा म्हणून मात्र वापरू नका. दिल्लीत धुळ्याचा एक हमाल भेटला तरी तो ती वाचून दाखवील.

शेवटी कायदा, कारण कोर्टाचा प्रसंग लिहायचा मोह होतोच. राजनैतिक संरक्षण हे त्या माणसाचं नसतं, त्याच्या सरकारचं असतं, आणि सरकार ते काढून घेऊ शकतं. लंडनच्या अमेरिकन वकिलातीत तारा सांभाळणाऱ्या टायलर केंटच्या खोलीत मे १९४० मध्ये दीड हजारांहून जास्त गुप्त कागद सापडले. राजदूत जोसेफ केनेडी यांनी त्याचं संरक्षण काढून घेतलं आणि ब्रिटिश कोर्टाने त्याला सात वर्षं दिली. संरक्षण कायम असेल तर यजमान देश फक्त ‘हा माणूस आम्हाला नको’ असं जाहीर करून त्याला परत पाठवतो. दोन्ही शेवट नाटकासाठी चांगले आहेत, एकत्र मात्र करू नका.

नायक भारतीय असेल तर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. तो इंग्रजांच्या काळातही होता आणि आजही आहे. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींत नोकरी केलेले प्रेक्षक तुमच्यासमोर बसलेले असतात, त्यांना हा कायदा परका नाही. कलम ३ खाली संरक्षणाशी किंवा सरकारी संकेतलिपीशी संबंधित हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कलम ५ खाली तीन वर्षांपर्यंत. कलम ४ नुसार परकी हस्तकाचं नाव किंवा पत्ता आरोपीजवळ सापडला तरी त्याचा हस्तकाशी संपर्क होता असं कोर्ट गृहीत धरू शकतं. प्रेयसीच्या पत्त्याची चिठ्ठी नायकाने पाकिटात जपून ठेवली असेल, तर तीच सरकारी वकिलाच्या हातात पडू द्या. कलम १४ प्रमाणे सुनावणीतून लोकांना बाहेर काढता येतं, पण शिक्षा मात्र उघड्या कोर्टातच सुनावावी लागते. त्यामुळे सुनावणीभर कोर्ट रिकामं ठेवा आणि निकालाच्या वेळी दारं उघडून नायकाच्या गावची माणसं आत येऊ द्या. साक्षी काय झाल्या, हे त्यांना माहीत नसेल.

आपले,
जळगाव-धुळ्याकडचे काही नाट्यअभ्यासक